बीफची गाय वेगळी नसते

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मागच्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र आलं होतं, माझ्या भावानं त्याचा फोटो व्हॉट्सॲपला टाकला म्हणून वाचायला मिळालं. त्यात असं लिहिलंय की अमेरिकेत बीफसाठी वळू पाळतात, ते चांगले धिप्पाड झाले की कापतात, आणि दुधाच्या गाई तिकडं अगदी वेगळ्या असतात त्यांना कोणी हात लावत नाही, त्यामुळे तिकडचं दूध-चीज खाणाऱ्यानं मनात काही आणू नये. पत्र लिहिणाऱ्या काकांचा हेतू चांगला आहे, कुणाच्या तरी मुलाला धीर द्यायला लिहिलंय असं वाटतं, पण दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि छापून आलं की लोक खरं धरतात, म्हणून हे लांबलचक पत्र.

माझं सांगायचं तर मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, कृष्णाकाठचा, घर माळकरी, स्वतः मी अंडंसुद्धा खात नाही. आणि गेली बारा वर्षं अमेरिकेतल्या नेब्रास्कात एका फीडयार्डच्या, म्हणजे कापायच्या आधी जनावरं खाऊ घालून वजनाला आणतात त्या जागेच्या, ऑफिसात वजन आणि रेकॉर्डचं काम करतो. हो, हसू नका. नेब्रास्का म्हणजे असं राज्य जिथं माणसं वीस लाख आणि जनावरं साठ लाखाच्या वर, तर इथं काम करायचं म्हणलं की कुठूनतरी जनावराशी संबंध येतोच. आईला अजून "काट्यावर असतो" एवढंच सांगितलंय, ती उसाच्या काट्यावर समजते.

तर पहिला मुद्दा वळूचा. अमेरिकेत वर्षाला जेवढी मोठी जनावरं कापली जातात त्यात वळू किती असतात माहितीये का, शंभरात दीड-दोन. निम्म्याच्या आसपास असतात स्टिअर. स्टिअर म्हणजे लहानपणीच खच्ची केलेला गोऱ्हा, म्हणजे आपला बैलच की, फक्त ह्याला औत माहीत नाही. मग तिसरा हिस्सा कालवडी, आणि उरलेल्या गाई, त्यात मांसाच्या जातीच्या पण आणि दुधाच्या पण. वळूचं मांस चरबी नसलेलं, गडद अन् चिवट, त्याचं स्टेक कोणी करत नाही, म्हातारा झालेला वळू जातो तो सॉसेजमध्ये नाहीतर खिम्यात. स्टिअर आणि कालवडी दीड वर्षाच्या आसपास जातात, साडेसहाशे किलोच्या पुढं वजन झालं की. आपल्या बाजाराच्या भाषेत आदतच, म्हणजे दुधाचे दात अजून न पडलेली, दोन दाती व्हायच्या आतबाहेर. वय कळायला दात इथं पण बघतात बरं का, कत्तलखान्यात एक माणूस त्याच कामाला असतो, कारण मॅड काऊ हा मेंदूचा रोग इथं सापडल्यानंतर २००४ पासून ३० महिन्यांवरच्या जनावराचा मेंदू-मणका वेगळा काढायचा नियम आला. मला ते पहिल्यांदा बघून खरसुंडीच्या जत्रेतले व्यापारी आठवले, तसंच ओठ वर करून बघतात.

आता साध्या रँचवाल्याकडं, म्हणजे मांसाच्या गाई पाळून वासरं काढणाऱ्याकडं, शंभर गाई व्याल्या की पन्नास गोऱ्हे होणार, त्यातला एकही वळू म्हणून राहत नाही. सगळे खच्ची. वळू तो बाहेरून विकत आणतो, वळू तयार करणारे ब्रीडर वेगळेच असतात, आणि त्यांच्याकडं पण सगळे खोंड वळू होत नाहीत, जे आकड्यात बसत नाहीत ते तिथंच खच्ची होऊन फीडयार्डला येतात. एका वळूला पंचवीस-तीस गाई धरतात, कोवळा वर्षा-सव्वा वर्षाचा असला तर तेवढ्या पण नाही, जितके महिने वय तितक्या गाई असा इथला ठोकताळा.

वळूंचा सेल फेब्रुवारी ते एप्रिल. मी पहिल्या वर्षी मालकाबरोबर गेलो होतो, बाहेर बर्फ, आत भट्टीसारखी गरम शेड, बाकड्यावर टोप्या घातलेले म्हातारे, आणि तो लिलाव पुकारणारा माणूस जे काय बोलतो त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मालकानं गमतीनं विचारलं की तू कुठला घेशील. मी आपला आमच्या आजोबांच्या नजरेनं बघितलं, भरलेली मान, लांबीला चांगला, सगळ्यात थोराड एक निवडला आणि बोट दाखवलं. शेजारचा म्हातारा हसला, हातातलं कॅटलॉग माझ्यापुढं धरून म्हणाला, हा तुझ्या पहिलारू कालवडींना लावलास तर रात्रभर साखळी लावून वासरं ओढत बसशील. कॅटलॉगमध्ये प्रत्येक वळूच्या नावाखाली एवढे आकडे होते की मला शेअर बाजाराचं पान वाटलं.

त्या आकड्यांना ईपीडी म्हणतात. सोपं आहे खरं तर. हा वळू स्वतः किती मोठा आहे हे त्यात नसतं, ह्याची वासरं दुसऱ्या वळूच्या वासरांपेक्षा सरासरी किती वेगळी निघतील त्याचा अंदाज असतो. एकाचा वासरू दुधावरून तोडायच्या वेळच्या वजनाचा आकडा ६० आणि दुसऱ्याचा ८० असला तर दुसऱ्याची वासरं सरासरी वीस पौंड म्हणजे नऊ किलो जास्त भरणार, बाकी सगळं सारखं धरून. तसा आकडा जन्माच्या वजनाला, गाय सुखानं विण्याला, वर्षाच्या वजनाला, मांसातल्या चरबीच्या जाळीला, आणि हे मला फार आवडलं, त्याच्या लेकींना दूध किती येईल त्याला पण. वळूच्या दुधाचा आकडा! हे आकडे येतात त्याच्या आईबापाच्या, भावंडांच्या, आधीच्या वासरांच्या वजनावरून आणि आता कानाचा तुकडा नाहीतर रक्त लॅबला पाठवून. बरगड्यांवर अल्ट्रासाउंड लावून जिवंत वळूच्या मांसात चरबी किती हे पण बघतात.

आणि ह्यात खरी कसरत जन्माच्या वजनाची आहे. वासरू साधारण ३५ किलोच्या आसपास जन्मतं. जन्मताना मोठं असलेलं वासरू पुढं पण मोठं होतं, म्हणजे वाढीसाठी निवड करत गेलं की आपोआप गाई विताना अडायला लागतात. मग शोध अशा वळूचा घ्यायचा की ज्याची वासरं लहान जन्मतात पण नंतर भराभर वाढतात, असे थोडे असतात आणि त्यांनाच पैसे पडतात. म्हातारा त्या थोराड वळूला का हसला ते मला दोन वर्षांनी कळलं, जेव्हा मार्चच्या थंडीत एक कालवड अडली आणि वासरू पण गेलं आणि ती पण गेली.

आकडे झाले तरी वळू पास होत नाही. डॉक्टर येऊन तपासतो, अंडकोषाचा घेर टेपनं मोजतात, सव्वा वर्षापर्यंतच्या वळूचा कमीत कमी ३० सेंटिमीटर लागतो, वीर्य काढून मायक्रोस्कोपखाली ७० टक्के शुक्राणू आकारानं नीट पाहिजेत आणि ३० टक्के तरी सरळ पुढं पळणारे. मग पाय, खूर, डोळे, आणि स्वभाव. मारका वळू कितीही भारी आकड्याचा असला तरी शहाणा माणूस घेत नाही कारण तो मारकेपणा वासरात उतरतो. हे मात्र आमचे आजोबा पण सांगायचे.

मी हे लिहितोय म्हणजे अमेरिकनांचं सगळं बरोबर असं नाही हां. ह्यांनी पण नजरेच्या नादानं माती खाल्लीय. १९४० च्या आगंमागं इथं फॅशन होती बुटक्या, गोल गरगरीत, जमिनीला टेकल्यासारख्या जनावरांची, प्रदर्शनात तीच नंबर घ्यायची. हेरफर्ड जातीत ब्रीडर लोक जितकं बुटकं तितकं भारी असं निवडत गेले, आणि कळपात बुटकेपणाचा दोष पसरला, कपाळ पुढं आलेली, घुर्र घुर्र श्वास घेणारी खुजी वासरं जन्मायला लागली, बहुतेक मरायची. ज्यांच्या कळपात निघाली त्यांनी लपवली. पन्नाशीच्या दशकात ते झाकून ठेवणं अशक्य झालं आणि मोठमोठ्या घराण्याच्या जनावरांची किंमत मातीमोल झाली. मग लंबक उलटा गेला, युरोपातनं शारोले, सिमेंटल आले, आणि १९८० च्या दशकात प्रदर्शनात जिंकायचा तो उंटासारखा उंच वळू, ज्याची वासरं अडायची आणि खाऊन खाऊन पण चरबी धरायची नाहीत. दोन्ही वेळा परीक्षक तज्ञच होते. दोन्ही वेळा रिबीन लावून फोटो छापले होते.

आकड्यांनी पण फसवलंय. २००८ मध्ये अँगस जातीत वाकडी वासरं निघाली, मणका पिळलेला, पाय आखडलेले, मेलेलीच जन्मायची. शोध घेतला तर त्या वासरांच्या वंशावळीत एक वळू सारखा निघायला लागला, प्रिसिजन १६८०, आकड्यांनी त्या काळातला हिरो, त्याच्या वीर्याच्या कांड्या देशभर गेल्या होत्या. दोष लपलेला होता, आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसायचा, आणि सगळ्यांनी तोच वळू आणि त्याचीच पोरं वापरल्यामुळं दोन्हीकडून यायला लागला. फरक एवढाच की ह्यावेळी कागद होते. इलिनॉय विद्यापीठाच्या जॉन बीव्हर यांनी काही महिन्यात टेस्ट तयार केली, आणि अँगस असोसिएशननं नावानिशी यादी लावली की कुठलं जनावर दोष वाहतं. लोकांचं नुकसान झालं, भांडणं झाली, पण कुठल्या वळूची नात कुठं आहे हे लिहिलेलं होतं म्हणून ते निस्तरलं.

आता दुसरा मुद्दा, दुधाच्या गाईचा. काका, बीफची गाय अशी वेगळी नसते. म्हणजे जाती वेगळ्या आहेत, अँगस मांसाची, होल्स्टीन दुधाची, पण शेवट एकाच दारातनं जातो. इथल्या बीफमधला साधारण पाचवा हिस्सा डेअरीतनं येतो. होल्स्टीन गाय दोन-तीन वेत झाली, वयाची चार-पाच वर्षं, की दूध कमी, कास खराब, पाय दुखावले, गाभण राहत नाही, ह्यातलं काहीतरी होऊन ती जाते. आपण दूध पितो तिचं हॅम्बर्गर होतं, अगदी सरळ सांगायचं तर. म्हाताऱ्या गाईचं मांस कोरडं असतं, आणि स्टिअरची छाटलेली चरबी जास्त, दोन्ही मिसळून खिमा करतात, बर्गर म्हणजे मुख्य करून तेच. काकांनी त्या मुलाला धीर द्यायचा असेल तर दुसरं काहीतरी शोधायला लागेल, मी पण दही खातो रोज, मला कुणी धीर देत नाही.

मांसाच्या कळपात गाईची निवड शरद ऋतूत होते. वासरं तोडली की सगळ्या गाई एका चिंचोळ्या गल्लीतनं जातात, डॉक्टर हात घालून नाहीतर अल्ट्रासाउंडनं बघतो आणि एकच शब्द ओरडतो, गाभण किंवा रिकामी. रिकामी म्हणजे ट्रक. मग दात झिजलेली, सड फुगलेले की वासराच्या तोंडात मावत नाहीत अशी, डोळ्याला कॅन्सर झालेली, डॉक्टरवर धावून गेलेली. आणि जुळ्यातली कालवड जिचा जोडीदार गोऱ्हा होता, ती नव्वद टक्क्यांवर वांझ निघते त्यामुळं तिला वाढवतच नाहीत. एवढ्या बाबतीत इथल्या माणसाचं काळीज दगडाचं आहे असं मला आधी वाटायचं. नंतर बघितलं की त्यातल्या एका दोघांना तरी त्या गाईंची नावं माहीत असतात आणि त्या दिवशी ते जेवणाच्या सुट्टीत बोलत नाहीत.

हल्ली नवीन काय झालंय तर डेअरीवाले चांगल्या गाईंना सेक्स्ड सीमेन, म्हणजे मादी वासरासाठी निवडून काढलेलं वीर्य, भरवतात म्हणजे बहुतेक कालवडीच होतात, आणि उरलेल्या गाईंना अँगसची कांडी, म्हणजे वासरू काळं अन् मांसाला बरं. काळंच का, तर अँगसच्या नावाचा जो मोठा ब्रँड आहे १९७८ पासूनचा, त्याची पहिली अट कातडं निम्म्याहून जास्त काळं पाहिजे ही आहे. आतलं रक्त कोण तपासतंय. देशातली एकूण जनावरं २०२५ च्या सुरुवातीला ८ कोटी ६७ लाखांवर आली होती, १९५१ नंतर सगळ्यात कमी, त्यामुळं पूर्वी ज्या होल्स्टीन गोऱ्ह्याला कोणी विचारत नव्हतं त्याच गाईच्या एक दिवसाच्या काळ्या वासराला आता मारामारी.

त्याच ब्रँडची आणखी एक अट वाचून मी खुर्चीत हललो होतो. वशिंड दोन इंचापेक्षा उंच असेल तर बाद. वशिंड म्हणजे आपलं रक्त ना. इथं टेक्सास, फ्लोरिडात ब्राह्मण नावाची जात आहे, उन्हाला, गोचडीला दाद न देणारी, ती गीर, गुजरातची कांकरेज, नेल्लोरची ओंगोल आणि आमची कृष्णा व्हॅली यांच्यापासून झाली. कृष्णा व्हॅली म्हणजे आमच्याच नदीकाठचं जनावर, सांगलीकडच्या संस्थानिकांनी काळ्या चिकट जमिनीत नांगर ओढायला तयार केलेलं, आता गावात शोधून सापडत नाही. १९२४ ला ह्यूस्टनमध्ये त्या लोकांनी ब्राह्मणची असोसिएशन काढून नोंदी ठेवायला सुरुवात केली. आमच्या फीडयार्डला त्या रक्ताची जनावरं आली की खरेदीवाला "कान आहेत" म्हणतो आणि भाव पाडतो, कारण ते रक्त वाढलं की मांस चिवट होतं, हे इथंच क्ले सेंटरच्या सरकारी संशोधन केंद्रात ब्राह्मण अन् साहिवालचा संकर करून मोजलेलं आहे. त्याच केंद्रानं हे पण मोजलं की त्या संकराच्या गाई आई म्हणून भारी, वासरू सहज होतं. लोंबते कान, पोळी, वशिंड, ज्यावर आमच्या आजोबांनी जीव टाकला असता त्याचेच इथं पैसे कापतात, आणि ज्यांना ते रक्त हवंय ते टेक्सासवाले त्याच वशिंडाला जास्त पैसे देतात. वळू चांगला की वाईट हे तुम्ही त्याच्याकडून काय मागता त्यावर आलं.

आता गावाकडं या. घरी वडलांकडं चार जर्सी-एचएफ संकरित गाई आहेत, एचएफ म्हणजे तीच होल्स्टीन. मागच्या सुट्टीत गोठ्यात बसलो होतो, एका कालवडीला माज होता, कांडी भरणारा गडी आला, वडलांनी विचारलं कुठली आहे, तो म्हणाला एचएफ, झालं. नंबर विचारला तर कांडी बुटाखाली. तिच्या आईला पण त्यानंच भरवलं होतं, तोच वळू असला तर बाप-लेक झाले की, पण कोण सांगणार, वहीच नाही. आमच्याकडं जातीचं नाव हेच वंशावळ. संकरित गोऱ्हा झाला की घरात कोणी बोलत नाही. वशिंड नाही म्हणून जू बसत नाही, तसाही ट्रॅक्टर आहे, आणि २०१५ पासून राज्यात बैल-वळू कापायला पण बंदी आहे. कायदा चूक का बरोबर ह्यात मला पडायचं नाही, माळ घातलेल्या घरात मला ते सोपं पण नाही. पण तो गोऱ्हा दोन महिन्यांनी गोठ्यात नसतो हे लिहायला काय हरकत आहे. दूध तोडलं की खंगून मरतो, नाहीतर कुणाच्या तरी टेम्पोत जातो, नाहीतर हायवेला बसलेला दिसतो. मी वडलांना विचारलं, ते म्हणाले चहा घे. सेक्स्ड सीमेन आपल्याकडं पण मिळतं, त्यानं दहातली नऊ कालवडी होतात, वडलांना मी तेच वापरा म्हणून मागं लागलोय, आणि कांडीवरचा नंबर लिहायला शंभर पानी वही घेऊन दिलीय.

खिल्लारचं दुसरंच चाललंय. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यत बंद केली तेव्हा खोंड कवडीमोल झाले, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी आली तशी लाखात बोली लागायला लागली, जात वाचली म्हणा हवं तर, मला पण बरं वाटलं. पण वळू आता एकाच गोष्टीवर निवडतोय आपण, पळतो का. ज्यानं मैदान मारलं त्याच्याकडं पंचक्रोशीतल्या गाई. त्याची आई किती वेळा व्याली, वासराला पुरेल एवढं दूध होतं का, अडली होती का, त्याची पोरं शांत का मारकी, हे कोणी विचारत नाही. इथल्या बुटक्या हेरफर्डची आणि उंटासारख्या वळूंची गोष्ट मी ह्यासाठीच एवढी लांबवली.

आणि इथं तुमच्या पेपरचा संबंध येतो साहेब. जत्रा झाली की तुमच्या जिल्हा पुरवणीत चॅम्पियन वळूचा फोटो असतो, गुलालात, गळ्यात हार, शेजारी मालक फेट्यात, खाली लिहिलेलं असतं किंमत अमुक लाख, रोजचा खुराक इतकं दूध इतकी अंडी. माझी विनंती आहे की पुढच्या जत्रेला तुमच्या वार्ताहराला चार प्रश्न जास्तीचे विचारायला सांगा, आईची किती वेतं झाली, तिचं दूध किती, ह्या वळूची वासरं आत्तापर्यंत किती आणि त्यातली दोन-तीन कुठं बघायला मिळतील, आणि त्याच्या बापाचा बाप कोण. मालकाला उत्तर आलं नाही तर तसं छापा. खुराकाची ओळ काढली तर जागा होते तेवढी.

आणि हो, माझं हे पत्र छापलंत तर कृपा करून नाव टाकू नका, आई पेपर वाचते.

आपला,
एक वाचक, नेब्रास्का (मूळ सांगली जिल्हा)